मॅटर फायनल म्हणण्याआधी: जाहिरातीतल्या लाजिरवाण्या चुका कशा पकडायच्या

तुळशीच्या लग्नाला आठ दिवस होते. नाशिकला पंचवटीतल्या एका केटरर काकांचं पत्रक माझ्याकडे होतं. ५,००० प्रती छापायच्या, त्यातल्या ३,००० सकाळच्या पेपरात टाकायच्या. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर लिहून दिला: 'अनुभवी आचाऱ्यांच्या हातचं सात्त्विक जेवण'. प्रेसमध्ये तो जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप झाला. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, फोनवर आलं तेव्हा मी द्वारकेच्या सिग्नलला गर्दीत उभी होते. वरवर पाहिलं आणि 'ओके' टाकलं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी गेलेल्या पत्रकात होतं, 'अनुभवी आचार्यांच्या हातचं सात्त्विक जेवण'.

आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा, आचार्य म्हणजे गुरू. 'आचाऱ्यांच्या' आणि 'आचार्यांच्या' यांत फरक फक्त एका खुणेचा. पंचवटी ही तर गुरुजींची वस्ती. काकांना दिवसभर फोन आले. कुणी विचारलं, सोवळ्यातला स्वयंपाक करता का. कुणी विचारलं, लग्न लावायला गुरुजीही तुमच्याकडूनच येणार का. संध्याकाळी काकांनी उरलेला गठ्ठा माझ्यासमोर ठेवला, वरचं पत्रक तळहाताने सरळ केलं आणि म्हणाले, "ताई, हे आता कुणाला देऊ?"

या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. एजन्सीत लागलेले, दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणारे, घरच्या धंद्याचा फ्लेक्स 'तू शिकलेला आहेस, तूच कर' म्हणून गळ्यात पडलेले, असे सगळे. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. लाजिरवाणी चूक लिहिणाऱ्याला भाषा येत नाही म्हणून क्वचित होते; मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती होते. मालक तोंडी सांगतो, त्याचा मुलगा फोनवर टाइप करतो, ऑपरेटर ते फाँटमध्ये बसवतो, मशीन छापतं आणि शेवटी कुणीतरी शिडीवर चढून दोरीने बांधतो. हात बदलला की तपासायचं. खालच्या पायऱ्या याच वाटेने जातात.

१. तोंडी मजकूर घेऊ नका

मालक घाईत असतो. "नेहमीसारखं टाक, भव्य शुभारंभ वगैरे," एवढंच सांगून तो गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याच्यासमोर बसून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: नावं, तारीख-वार-वेळ, पत्ता आणि फोन नंबर. पाहुण्यांची नावं मालकाच्याच हातून लिहून घ्या, कारण आडनाव चुकलेला पाहुणा ते विसरत नाही. तारीख आणि वार कॅलेंडर उघडून जुळवा. नंबर समोरच लावा आणि कुणाचा फोन वाजतो ते बघा.

नंबर देवनागरी आकड्यांत छापणार असाल तर आणखी सांभाळा. काही नक्षीदार फाँटमध्ये १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात.

२. एकेक खूण वेगळी तपासा

ही पायरी सगळ्यात मोठी, कारण मराठीत एक टिंब गेलं की शब्द अर्धवट राहत नाही, दुसराच शब्द होतो. आणि तोही शब्दकोशातला शब्द असल्यामुळे कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ मारत नाही.

आधी अनुस्वार. 'ग्राहकांची चिंता हीच आमची चिंता' यातलं टिंब उडालं की चिता उरते. 'लग्नकार्यासाठी भांडी मिळतील' याचं 'भाडी मिळतील' होतं. मजकुरात भांडी आणि भाडं शेजारी आले, की एकाचं टिंब दुसऱ्यावर जाऊन बसतं आणि 'फ्लॅट भांड्याने देणे आहे' असं छापून येतं. अनुस्वार फक्त अर्थाचा नसतो, मानाचाही असतो. 'आमदारांच्या हस्ते', 'डॉक्टरांचा सल्ला', 'सरांचे मार्गदर्शन' यात माणूस एकच असला तरी आदरार्थी म्हणून टिंब येतं. 'आमदाराच्या हस्ते' छापलंत तर व्याकरणाने तुम्ही त्यांना अरेतुरे केलेलं असतं, आणि ते व्यासपीठावर बसून समोरचा फ्लेक्स तासभर वाचत असतात.

उलटीही चूक होते, नको तिथे टिंब. 'नांव', 'कांही', 'पांच' ही जुनी रूपं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले. आजोबांच्या पाटीवर ते शोभतात, तुमच्या फॉर्मवर 'नाव'च हवं.

मग ऱ्हस्व-दीर्घ. इथे मला सगळ्यात जास्त टोचणारी चूक म्हणजे 'दीन'. 'वर्धापन दीन', 'स्वातंत्र्य दीन', 'महाराष्ट्र दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, लाचार. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज ज्या शहरात राहिले, त्याच शहरात चौकात 'मराठी भाषा गौरव दीन' असा फ्लेक्स लागलेला बघितला की पोटात तुटतं. (जाता जाता: २७ फेब्रुवारी हा गौरव दिन आणि १ मे हा राजभाषा दिन. तेही एकमेकांच्या जागी छापले जातात.)

ही चूक होते का, ते समजून घेतलं तर पुन्हा होणार नाही. घरगुती मराठी शब्दांत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचं इकार-उकार दीर्घ येतं: तीन, वीस, फूल, मूल, दूध, पीठ. हाताला तीच सवय लागते आणि 'दिन' लिहितानाही वेलांटी लांबते. पण दिन, गुण, विष, मधुर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आहेत. त्यांचं संस्कृतातलं ऱ्हस्व तसंच राहतं. दुसरी अर्धी गोष्टही लक्षात ठेवा: घरगुती शब्दाला प्रत्यय लागला की तोच दीर्घ ऱ्हस्व होतो. फूल पण फुलांचे हार, दूध पण दुधाची बर्फी, मूल पण मुलांचे कपडे. डेअरीच्या पाटीवर 'दूधाचे पदार्थ' दिसलं की समजायचं, इथे ही दुसरी अर्धी गोष्ट कुणी सांगितलेली नाही. शेवटचं अक्षर मात्र दीर्घच: 'सुरू', 'सुरु' नाही. त्याला 'आणि', 'नि', 'परंतु' असे थोडे अपवाद आहेत.

रफार. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'आर्शिवाद' इतका रुळलाय की 'आशीर्वाद' बघून लोकांना तोच चुकलेला वाटतो. शब्द सावकाश म्हणा: आ-शी-र्-वाद. र् चा उच्चार ज्या अक्षराच्या लगेच आधी होतो, त्याच्या डोक्यावर रफार. तो 'वा'वर बसतो.

'शृ' हे आपल्या जिल्ह्याचं खास दुखणं. वणीच्या गडावरच्या देवीचं नाव सप्तशृंगी, सात शिखरांची. शृंग या शब्दात श ला ऋ जोडलेला आहे, वेगळा र नाही. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत स्वागताच्या कमानींवर 'सप्तश्रृंगी' झळकतं. तसंच 'त्र्यंबकेश्वर'. तीन डोळ्यांचा तो त्र्यंबक. 'त्रंबकेश्वर' छापलंत तर देवाच्या नावातलं 'य' खाल्लं. 'सिंहस्थ' लिहिताना 'सिंव्हस्थ', 'सिहस्थ' होतं. ही तीन नावं फोनच्या नोट्समध्ये बरोबर लिहून ठेवा आणि तिथूनच उचला, नाशिकमध्ये काम करायचं तर रोज लागतील.

शेवटी अर्धचंद्र. पाटीवरच्या इंग्रजी शब्दांत तो गळतो, आणि 'एसी हॉल उपलब्ध' याचं 'एसी हाल उपलब्ध' होतं. मंगल कार्यालयवाल्याला हे किती लागतं, ते मी पाहिलंय. 'शॉप' मधला चंद्र गेला की शाप उरतो, 'टॉप'चा टाप होतो. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत या अटीसह. त्या घाईत इंग्रजी नावं तशीच्या तशी देवनागरीत उतरवली गेली. नावाची पाटी तर वर्षानुवर्षं टिकते, म्हणून तिथे 'पेंट' आणि 'पँट' यांतला फरक दोनदा बघा.

ळ चं तेच. मजकूर हिंदी कीबोर्डवर टाइप झाला असेल तर मिसळची 'मिसल' होते, थाळीची 'थाली', आणि 'वेळ: सकाळी १०' याचं 'वेल' होऊन मांडवावर चढतं. मिसळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात निदान हा एक ळ तरी जाऊ देऊ नका.

शंका आली तर अंदाजाने लिहू नका, शब्दकोश उघडा. नसेल तर १८४० पासून चालत आलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे जाऊन बघा. एकदा बघितलेला शब्द सहसा पुन्हा चुकत नाही.

३. विशेषण योग्य जागी बसवा

'शुद्ध गाईचे तूप'. इथे शुद्ध कोण, गाय की तूप? 'गाईचे शुद्ध तूप' लिहा. हे उदाहरण शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी रस्त्यावर दर चार पाट्यांमागे एक सापडतं. कारण बोलताना आपण शब्दावर जोर देऊन अर्थ सांभाळतो. पाटीला आवाज नसतो.

धोका कुठे जास्त, तेही सांगते. 'ताजे म्हशीचे दूध' यात 'ताजे' हे रूपच दुधाकडे बोट दाखवतं, म्हणून थोडं खटकतं पण निभावतं. शुद्ध, स्वस्त, गरम, मोफत, तयार ही विशेषणं बदलत नाहीत. ती ज्या शब्दाशेजारी बसतील त्यालाच चिकटतात. 'स्वस्त महिलांचे ड्रेस' हे मेन रोडवर उभ्या बाईला वाचायला लावायचं? तो तिचा अपमान आहे, दुकानदाराच्या मनात तसं काही नसलं तरी. 'महिलांचे स्वस्त ड्रेस', किंवा त्याहून बरं, 'महिलांचे ड्रेस माफक दरात'. प्रत्यय लागलेल्या रूपातही हाच घोटाळा होतो: 'फाटलेल्या महिलांच्या साड्या रफू करून मिळतील', 'जुन्या ग्राहकांच्या पैठण्या बदलून मिळतील'. जुनं काय, ग्राहक की पैठणी? 'ग्राहकांच्या जुन्या पैठण्या' म्हटलं की प्रश्नच उरत नाही.

करून बघायला सोपं आहे. प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ ओढा आणि त्याच्या लगेच पुढच्या शब्दाला बाण काढा. बाण चुकीच्या माणसावर गेला की जागा बदला.

४. दुसऱ्या भाषेतून आलेला मजकूर पुन्हा लिहा

कंपनीकडून हिंदी किंवा इंग्रजी मजकूर येतो, 'फक्त मराठी करून दे' म्हणून. यंत्राने मराठी केलेलंही येतं. शब्द मराठी दिसतात, पण मजकूर मराठी नसतो.

हिंदी आणि मराठीत दिसायला सारखे, अर्थाने वेगळे शब्द पुष्कळ. क्लासच्या जाहिरातीत 'आमच्याकडे उत्तम शिक्षा मिळेल' हे हिंदीतून सरळ उचललेलं. मराठी आईबाप ते वाचून मुलाला तिथे घालतील का? आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी, शिकवतात ते शिक्षण. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत 'ग्राहकांना समाधान देण्याची आमची चेष्टा' म्हणजे चक्क थट्टा. 'फ्लॅट खाली आहेत' वाचून मराठी माणूस तळमजला शोधतो, 'रिकामे' लिहा. 'साड्यांचा संसार' लिहिणाऱ्याच्या मनात साड्यांचं जग होतं, वाचणाऱ्याच्या मनात चूल-बोळकी येतात. आणि 'उपहारगृह' हे तर मराठी लिहिणारेही लिहितात. उपहार म्हणजे भेट, खाण्याचं ते उपाहार. म्हणून उपाहारगृह.

२०२७ च्या सिंहस्थासाठी देशभरातून भाविक येतील. लॉज, भोजनालयं, पूजासाहित्याची दुकानं दोन्ही भाषांत पाट्या करतील. तेव्हा ही गल्लत दोन्ही बाजूंनी होईल. हिंदी पाटी हिंदी घरात वाढलेल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, जशी मराठी पाटी तुम्ही त्याला वाचून द्याल.

इंग्रजीतून येणाऱ्या चुका वेगळ्या जातीच्या असतात. सर्वोत्तम या अर्थाच्या 'अल्टिमेट'ला यंत्र 'अंतिम' म्हणतं आणि स्पाच्या जाहिरातीत 'अंतिम शांतीचा अनुभव घ्या' येतं. दवाखान्यासाठी 'अंतिम उपचार' लिहिलेलं माझ्या हातात आलेलं आहे. छापलं गेलं नाही, कारण तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंनी मोठ्याने वाचलं आणि मधेच थांबल्या. लग्नात समोर गरमागरम डोसे करून देतात त्या काउंटरला 'जिवंत काउंटर', दणदणीत सवलतीला 'जीवघेणी ऑफर'. अशा वेळी शब्दाला शब्द शोधत बसू नका. मूळ कागद उलटा ठेवा, सांगायचं काय आहे ते शेजारच्या काकूंना सांगताय असं समजून बोला, आणि जे बोललात ते लिहा. 'समोर करून गरमागरम डोसे' हे कुठल्याही यंत्राला सुचणार नाही.

५. दिवस कुठला, माणूस कुठला

कॅलेंडरवर लाल रंग दिसला की 'हार्दिक शुभेच्छा' टाकायची सवय सोशल मीडियावाल्यांना लागते. पुण्यतिथीला शुभेच्छा नसतात. ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन, या दिवशी विनम्र अभिवादन. गुड फ्रायडे हा दुःखाचा दिवस आहे, मोहरमचाही अनेकांसाठी शोकाचा. त्या दिवशी फुलबाज्यांचं चित्र आणि शुभेच्छा टाकणं म्हणजे कुणाच्या घरच्या सुतकात पेढे वाटणं. जयंती आणि पुण्यतिथी यांची तारीख बघितल्याशिवाय पोस्ट आधीपासून लावून ठेवू नका. आणि लावलेली असेल, तरी त्या सकाळी शहरात काही वाईट घडलं असेल तर ती थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधी ठरवा.

मग नावाआधीची छोटी अक्षरं. 'चि.' आणि 'कै.' यांची अदलाबदल झाली तर काय होतं, ते सांगायला नको. जुन्या फाइलवर नवीन नाव टाइप करताना ती होते. 'स्व.' म्हणजे स्वर्गीय, 'स्वा.' म्हणजे स्वातंत्र्यवीर किंवा स्वातंत्र्यसैनिक. 'मा. नगरसेवक' यात मा. म्हणजे माननीय की माजी? निवडणुकीच्या तोंडावर यावरून मालकाला बोलणी बसतात. माजी असेल तर पूर्ण 'माजी' लिहा. 'प्रा.' म्हणजे प्राध्यापक, 'प्रो. प्रा.' म्हणजे दुकानाचे मालक, 'प्रा. लि.' आणखी वेगळं. जागा असेल तर संक्षेप नकोच.

६. फाँटमध्ये काय हरवलं ते शोधा

आता मजकूर ऑपरेटरच्या टेबलावर आला. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने फाँट चालतात, ज्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तुम्ही फोनवरून पाठवता ते युनिकोड. दोन्हींच्या मधे कन्व्हर्टर असतो किंवा ऑपरेटर स्वतः पुन्हा टाइप करतो. इथेच 'आचाऱ्यां'चे 'आचार्य' झाले. म्हणून ज्यात ऱ्य, ऱ्ह येतं ते शब्द (दऱ्या, किनाऱ्यावर, ऱ्हस्व), ॲ-ऑ, क्ष-ज्ञ, दुहेरी जोडाक्षरं (उज्ज्वल, तज्ज्ञ, महत्त्व) यांची वेगळी यादी करून प्रूफमध्ये प्रत्येकावर टिक मारा. फोटोशॉपमध्ये युनिकोड टाकताना वेलांटी उडून भलतीकडे गेली, जोडाक्षर फुटलं, तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडलंय का ते बघायला सांगा.

नक्षीदार फाँटचं सौंदर्य पन्नास फुटांवरून बघा. ख सैल काढलेला असेल तर 'खास' हे 'रवास' वाचलं जातं आणि 'खाना'चं 'रवाना'. भ आणि म, घ आणि ध लांबून एक होतात. त्यासाठी खाली रस्त्यावर जायची गरज नाही. डिझाइन फोनवर टपाल तिकिटाएवढं करा आणि हात लांब करून वाचा.

७. कायद्याचे चार शब्द

थोडक्यात सांगते. बिल्डरची जाहिरात असेल तर महारेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. औषधाची किंवा उपचाराची असेल तर 'मधुमेह मुळापासून बरा' असं लिहू नका. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा त्याच्या आड येतो. '५० टक्क्यांपर्यंत सूट' मधलं 'पर्यंत' मुंगीएवढं छापू नका, आणि मराठीत दावा करून अटी इंग्रजीत टाकू नका; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अटी दाव्याच्याच भाषेत हव्यात. अशा जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्याच वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

८. प्रूफ कागदावर, तोंडाने, दुसऱ्याकडून

फोनवर प्रूफ पास करू नका. माझं त्या पत्रकापासूनचं हे एकच कडक व्रत आहे. साध्या कागदावर प्रिंट काढा, खुर्चीवर बसा, पेन हातात घ्या.

मी असं वाचते. पहिल्यांदा फक्त आकडे. दुसऱ्यांदा फक्त नावं. तिसऱ्यांदा सगळ्यात मोठी अक्षरं, कारण 'भव्य उद्घाटन सोहळा' इतकं मोठं असतं की ते कुणी वाचतच नाही, चित्र म्हणून बघून पुढे जातात, आणि चूक तिथेच बसलेली असते. चौथ्यांदा शेवटच्या शब्दापासून उलटं, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा चुका भरून काढत नाही. मग मोठ्याने, अक्षर छापलंय तसंच उच्चारत. 'दीन' असेल तर 'दीऽन' म्हणायचं. हे पत्रक रिक्षावरच्या भोंग्यावरही जाणार असेल तर ते तिथेच कळतं, कुठे दम लागतो आणि कुठे भलता अर्थ ऐकू येतो.

नंतर ते ज्याला या कामाचं काहीच माहीत नाही अशा माणसाला द्या. चहा घेऊन आलेला मुलगा, समोरच्या झेरॉक्सवाल्या ताई. 'चूक शोधा' म्हणू नका, 'हे कशाबद्दल आहे?' एवढंच विचारा. कपाळावर आठी पडली किंवा हसू आलं, की तिथे बोट ठेवा.

शेवटी मालकाकडून लेखी 'फायनल' घ्या, त्याच फाइलच्या खाली. पुन्हा छापायची वेळ आली तर खर्च कुणाचा, हे काम घेतानाच बोलून ठेवा. नंतर बोललं की नाती दुखावतात. आणि फायनल झाल्यावर ऑपरेटर दादांनी 'जरा जागा सोडली', 'फाँट बदलला' म्हटलं, तर ते नवीन प्रूफ. पुन्हा पहिल्यापासून वाचायचं.

९. बांधताना

फ्लेक्सचा काठ दुमडतो, खिळे लागतात, मधे झाडाची फांदी किंवा विजेचा खांब येतो. म्हणून कडेपासून चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडा. ओळ तोडताना 'नाही', 'नये', 'नका', 'पर्यंत' हे शब्द कधीही एकटे खालच्या ओळीत टाकू नका. 'घडणावळ आकारली जाणार' एवढं वर आणि 'नाही' खाली, आणि खालची ओळ रिक्षा स्टँडच्या पत्र्यामागे गेली, की सराफ बाजारात दुकानदाराला दिवसभर खुलासे करत बसावं लागतं. 'घडणावळ नाही' असं छोटं लिहा, एका ओळीत.

चूक छापून गेलीच, तर मालकाला ती बाहेरच्या कुणाकडून कळण्याआधी तुम्ही फोन करा. फ्लेक्स असेल तर त्याच रंगाची पट्टी छापून चिकटवता येते. पोस्ट असेल तर दुरुस्त करून पुन्हा टाका आणि खाली सरळ लिहा की आधीच्या मजकुरात चूक झाली होती. केटरर काकांच्या उरलेल्या २,००० पत्रकांवर मी आणि माझ्या बहिणीने दोन रात्री बसून हाताने चिकटपट्ट्या लावल्या, 'आचाऱ्यांच्या' एवढाच एक शब्द छापलेल्या. ती पत्रकं मग कार्तिकी पौर्णिमेला गोदाघाटावर वाटली.